उंदरांचं दार वाजवणारे काका

सोनवणे काका उंदरांच्या खोलीत शिरण्याआधी दार वाजवतात. आत माणूस कोणी नसतं. असतात ते पिंजऱ्यातले पांढरे उंदीर. तरी काका दोनदा टकटक करणार, "मी शे रे," म्हणजे मीच आहे रे, असं आपल्या कळवणच्या बोलीत सांगणार आणि मगच कडी काढणार. "न सांगता काही येऊ नये, मॅडम," हे त्यांचं पालुपद.

नाशिकच्या आमच्या फार्मसी कॉलेजात ते या उंदरांची देखभाल करतात. मी शिकवते आणि भीतीवर संशोधन करते. म्हणजे उंदराला शिट्टी ऐकवायची, मागोमाग पायाला विजेचा हलका झटका द्यायचा. दोन दिवसांत नुसत्या शिट्टीने तो जागच्या जागी थिजतो. किती सेकंद थिजला, ते मी लिहून घेते. काका तेवढा वेळ बाहेर जाऊन पिंजऱ्यात पसरायचा, घोटीहून आणलेला भाताचा तूस चाळत बसतात. परत आले की माझ्याकडे असं बघतात, की मलाच कोणीतरी पिंजऱ्यात घालावं.

पिंजऱ्याचं झाकण काढताना "काढतो बरं का." शिंकण्याआधीसुद्धा सूचना. पुष्कळदा सूचना होईपर्यंत शिंक परत जाते आणि काका नाक धरून तसेच उभे.

फोन मात्र कायम बंद. प्राचार्यांना काम असलं तरी शिपाई पाठवावा लागतो. शेवटी त्यांची पुण्याची मुलगी, पल्लवी, मलाच फोन करू लागली. तिला सातवा महिना. "मॅडम, उद्या काही झालं तर बाबांना गाठू कसं?"

मी काकांना चांगलंच झापलं. ते खाली बघत म्हणाले, "पल्लवीची आई गेली ते फोनवरच कळलं. सकाळी चांगली बोलली होती हो. तेव्हापासून रिंग वाजली की हातपाय हलत नाय माझे."

मला लाज वाटली. वर्षभर मी सेकंद मोजत होते, आणि दाराबाहेर बसलेला माणूस मला दिसला नव्हता.

प्रयोगाचा दुसरा भाग काकांना आवडतो. त्यात शिट्टी वाजते, पण झटका येत नाही. रोज तेच. हळूहळू उंदीर थिजायचा थांबतो, हिंडू-फिरू लागतो. काका म्हणाले, "माझ्यावर ते कराल का? रोज पाचला फोन लावा, मी चालू ठेवीन. सांगायचं काही नाय."

पहिले चार दिवस ते आवारातल्या बाकावर वाजत्या फोनकडे बघत बसून राहिले. मी खिडकीतून पाहत होते. सेकंद मोजले नाहीत. पाचव्या दिवशी उचलला.

"काय नाय ना?"

"काही नाही, काका."

"ठेवतो मग."

दोन आठवडे आमचं एवढंच बोलणं चाललं.

काल पाचला लावला, तर एंगेज. जरा रागच आला. ती वेळ माझी होती. खिडकीतून डोकावले. काका बाकावर, फोन कानाला घट्ट.

"काय नाय ना?" ते विचारत होते. मग मान हलवत ऐकू लागले.

"असाच न सांगता फोन करत जा, पोरी," ते म्हणाले. "मी उचलीन."