साळवेसरांची म्हैस इंटरनेटवर

आमच्या सोनईत साळवेसर रोज संध्याकाळी म्हशीच्या तोंडापुढे टेपरेकॉर्डरचा माईक धरून उकिडवे बसायचे. म्हैस रवंथ करायची, सर वाट बघायचे. जाणारे-येणारे विचारायचे, "सर, मुलाखत का?" सर तोंडावर बोट ठेवायचे.

सर म्हणजे शाळेतले सायन्सचे रिटायर मास्तर. माझा कॉम्प्युटर क्लास होता आणि नव्याण्णव साली तिथं नुकतंच इंटरनेट आलं होतं. सरांना म्हशीचं रेकणं वेबपेजवर टाकायचं होतं. कशासाठी, ते सांगेनात. "जगाला म्हैस म्हाईत पाहिजे," एवढंच.

पहिल्यांदा वेव्ह फाईल केली. ती फोनच्या लायनीवरून उतरेपर्यंत सर घरी जाऊन धार काढून परत आले. म्हणाले, "फाईल हलकी पाहिजे, पन आवाजाचा जीव जाता कामा न्हाई." हे त्यांचं पालुपदच झालं.

मग मिडी. तिच्यात खरा आवाज मावत नाही, नुसते सूर मावतात. सरांनी सगळं रेकणं पेटीवर बसवलं आणि गोठ्यात वाजवून दाखवलं. म्हैस पाठ फिरवून उभी राहिली. "तिलाच पटंना," म्हणत सरांनी मिडी रद्द केली.

शेवटी एमपीथ्री ठरली. चढवली, तर पडद्यावर नुसती वेडीवाकडी अक्षरं. फाईल आवाजाची आहे हे सर्व्हरला सांगायचं राहून गेलं होतं. "अरे, लोकांनी म्हैस वाचायची का?" सर कडाडले.

तेही दुरुस्त केलं. तरी फाईल जडच. मी म्हणालो, "सर, शेवटी म्हैस गप्पच आहे. तेवढं कापतो."

"कापायची तर म्हैस काप! शेवटाला हात लावू नको."

मी हेडफोन लावून शेवट ऐकला. रेकणं थांबतं, साखळी वाजते आणि सर अगदी हळू म्हणतात, "झोप आता, सुनंदे."

सुनंदा ही त्यांची एकुलती लेक, मस्कतला नर्स. मी हेडफोन काढून ठेवला. सर भिंतीकडे बघत बोलले, "तिची खोली गोठ्याला लागून हुती. तिकडं लई शांत असतं म्हनं. झोप लागत न्हाई पोरीला. फोनवर असलं काय बोलायला जमत न्हाई आपल्याला."

पुढच्या रविवारी क्लासवर सुनंदाचा फोन आला. सर खेकसले, "आली का म्हैस ऐकू?" मग तिचं सगळं ऐकून घेतलं. शेवटी रिसीव्हरवर तळवा ठेवून मला म्हणाले,

"म्हैस काढून टाका म्हनती."

"आणि?"

"ते शेवटचं तेवढं ऱ्हाऊ द्या म्हनती."