सासूबाईंचा मासा आणि फुटपाथचा कायदा

जगात टाकाऊ असं काही नसतं. टाकणारी माणसं तेवढी मूर्ख असतात! हे माझं मत मी गेली तीस वर्षं आमच्या तळघरात साठवत आलो आहे. तिथे आता पाय ठेवायला जागा नाही, हा भाग वेगळा. तर या मार्चमध्ये मी स्वयंपाकघराच्या मधोमध उभा राहून जाहीर केलं, "रोस्विता, यापुढे या घरात सॅलड विकत येणार नाही. मी पिकवणार! मातीशिवाय, खताशिवाय आणि एकही नवी वस्तू न आणता!"

माझी बायको मसूर निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "गेल्या वेळी तू वीज पिकवणार होतास."

"ते फ्यूज जुना होता म्हणून फसलं."

"तीन मजले अंधारात होते, गेरोल्ड."

मी ऐकलं नाही असं दाखवलं. आम्ही दक्षिण जर्मनीतली श्वाबियन माणसं, जन्मतःच खटपटी. आमच्या नेकार नदीकाठच्या गावात दर दुसऱ्या तळघरात कुणी ना कुणी काहीतरी शोध लावत बसलेला असतो. माझी योजना तर अगदी साधी होती. खाली टबात मासा. मासा खाणार, खाल्लं की पाण्यात घाण करणार. ते पाणी पंपाने वर चढवून भाजीच्या मुळांशी सोडायचं. भाजी त्यातलं खत शोषून घेणार आणि स्वच्छ झालेलं पाणी परत टबात येणार. माशाला घर, मला सॅलड आणि दुकानदाराला ठेंगा!

टब मला खालच्या गल्लीत मिळाला. आमच्याकडे प्रत्येक गल्लीचा वर्षातून एकदा अडगळीचा दिवस असतो. सकाळी लोक नको असलेलं सामान फुटपाथवर आणून ठेवतात, दुपारी नगरपालिकेचा ट्रक ते उचलतो आणि मधल्या वेळात ज्याला जे हवं ते त्याने न्यावं. तर तिथे हा पांढराशुभ्र, लोखंडी, चार सिंहपायांचा टब उभा होता. मी तो हातगाडीवर चढवतोय तोच एक गृहस्थ अंगाभोवती नुसता पंचा गुंडाळून धावत आले.

"अहो, अहो! तो टाकायचा नाहीये! फरशी बसवायची म्हणून बाहेर काढलाय!"

"फुटपाथवर आलं ते सगळ्यांचं!" मी छाती काढून म्हणालो. "कायदा आहे!"

ते बिचारे पंचा सावरत बघत राहिले. मला तेव्हा फार अभिमान वाटला होता.

बाकी सगळं घरचंच. हॉस्पिटलच्या जुन्या खाटेची चाकं टबाच्या पायांना लावली. बंद पडलेल्या वॉशिंग मशीनचा पंप घेतला. पत्र्याच्या पन्हळीत फुटक्या कौलांचे तुकडे भरले आणि दह्याच्या डब्यांना भोकं पाडून त्यात सॅलडची रोपं लावली. अंगणात हे सगळं उभं राहिलं तेव्हा रोस्विताने खिडकीतून बघितलं आणि शांतपणे पडदा ओढून घेतला.

आता राहिला मासा. मासा विकत आणला तर माझी प्रतिज्ञा मोडते. आणि नेमक्या त्याच आठवड्यात माझ्या सासूबाई गुडघ्यांच्या उपचारांसाठी तीन आठवडे डोंगरात निघाल्या. जाताना म्हणाल्या, "गेरोल्ड, माझ्या फ्रिडोलिनला रोज चिमूटभर दाणे घाल. बाकी कशाला हात लावू नकोस."

फ्रिडोलिन म्हणजे सासूबाईंच्या बागेतल्या तळ्यातला मासा. वीतभर लांब, सोनेरी, ढेरपोट्या, वय वर्षं एकोणीस. सासऱ्यांनी लग्नाच्या शेवटच्या वाढदिवसाला दिलेला. सासरे गेले, फ्रिडोलिन राहिला. सासूबाई रोज सकाळी तळ्याकाठी कॉफी पितात, कपावर चमचा वाजवतात आणि तो वर येतो. त्यांच्या दिवसाची सुरुवात तिथून होते.

"बाबांचा मासा तुझ्या त्या यंत्रात?" रोस्विता किंचाळली. "त्याला काही झालं तर आई खचेल. आणि आईच्या आधी मी तुला संपवीन!"

"अगं, हवापालट! आई येईपर्यंत परत तळ्यात!"

एक लहानशी अडचण होती. आमच्या इमारतीच्या नियमांत अंगणात प्राणी पाळायला बंदी आहे. आणि नियमांच्या राखणदार म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या हेफेलेबाई. त्यांना कुणी नेमलेलं नाही. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनीच स्वतःला नेमलं. पहिल्याच दिवशी त्या टबाजवळ येऊन उभ्या राहिल्या आणि नेहमीसारखी मला आडनावाने हाक मारली.

"श्टेंगले, या टबात काय आहे?"

"पाणी आणि सॅलड."

"बाकी काही नाही?"

"छे! बाकी काय असणार?"

त्याच क्षणी पाण्यात डुबुक झालं. मी जोरात खोकलो. हेफेलेबाई वहीत काहीतरी लिहून निघून गेल्या.

सगळं सुरळीत चाललं होतं. सॅलड तरारून आलं! सासूबाई शनिवारी यायच्या होत्या. गुरुवारी सकाळी मी निवांत कॉफी पीत होतो, तेव्हा दार वाजलं. आमच्या दाराच्या कडीला झाडण्याच्या पाळीची लाकडी पाटी लटकत होती आणि त्या पाटीमागे हेफेलेबाई.

ज्याच्या दारावर ही पाटी, त्याने आठवडाभर जिना, अंगण आणि फुटपाथ झाडायचा. आमच्याकडे लोक लग्न मोडतील, पण पाळी मोडणार नाहीत.

"अंगण झाडलंत, श्टेंगले?"

"झाडलं की!"

"टबाखाली?"

"टबाखाली कोण बघतंय?"

"मी," हेफेलेबाई म्हणाल्या.

झालं! मी टब चाकांवरून ढकलत फाटकातून फुटपाथवर आणला. दहा मिनिटांचा तर प्रश्न होता. फुटपाथवर आज दोन सोफे, एक कपाट आणि गाद्यांचा ढीग दिसत होता. वा, आज आमच्या गल्लीचा अडगळीचा दिवस! पार टोकाला एक शिवणयंत्र चमकत होतं. त्याच्या पायट्याचं मला काय काय करता आलं असतं! म्हटलं, आधी ते बघून येऊ, मग झाडू. पायटा गंजला होता, पण शेजारी एक पंखा होता. पंख्याखाली छत्र्या होत्या. अर्ध्या तासाने मी पंखा आणि चार छत्र्या घेऊन विजयी मुद्रेने परतलो.

टब नव्हता.

पन्हळ नव्हती, पंप नव्हता, सॅलड नव्हतं. फुटपाथवर चार ओले डाग होते आणि सासूबाई शनिवारी येणार होत्या! माझ्या हातातल्या छत्र्या गळून पडल्या.

वरच्या खिडकीतून हेफेलेबाईंचा आवाज आला, "फार अवजड होता हो! मी फळी धरली तेव्हा कुठे ट्रेलरवर चढला."

"तुम्ही मदत केलीत?"

"का नको? अडगळीचा दिवस आहे. फुटपाथवर आलं ते सगळ्यांचं."

"कोण होतं? गाडी कुठली?"

"सगळं लिहून ठेवलंय," हेफेलेबाई वही हलवत म्हणाल्या. "आधी झाडून घ्या."

मी हात जोडले. मी गयावया केली. उपयोग शून्य! शेवटी मी अंगण झाडलं, फुटपाथ झाडला आणि तीन मजल्यांचा जिना पुसून काढला. एका पायरीच्या कोपऱ्यात धूळ राहिली म्हणून तो मजला पुन्हा पुसला. मग कुठे त्यांनी चष्मा लावून वाचलं, "हिरवी गाडी, मागे ट्रेलर. ट्रेलरवर लिहिलेलं, आगाथेकडची अंडी आणि बटाटे." खाली गावाचंही नाव होतं. ते वर पठारावर, तासाभराच्या अंतरावर.

मी पळत सुटलो तेव्हा त्यांनी मागून विचारलं, "आणखी काही हरवलंय का, श्टेंगले?"

मासा म्हटला की नियमभंग आणि नियमभंग म्हटला की इमारतीची सभा! मी म्हणालो, "छे छे! फक्त टब."

"बरं," त्या म्हणाल्या आणि खिडकी लावली.

शुक्रवारी रोस्विता आणि मी पठारावर पोचलो. रोस्विताने वाटभर मुरांब्याचं पातेलं मांडीवर धरलं होतं, मासा परत आणायला. आगाथेच्या कुरणात शिरलो आणि दोघंही जागच्या जागी थांबलो. कुरणभर बाथटब! पांढरे, गुलाबी, हिरवे, मोजून अकरा! इकडचे शेतकरी गाईंना पाणी पाजायला जुने टब वापरतात, हे मला माहीत असायला हवं होतं. सिंहपायांचा माझा टब पार मधोमध होता आणि एक तपकिरी गाय माझं शेवटचं सॅलड दह्याच्या डब्यासकट चघळत होती.

मी धावत जाऊन टबात डोकावलो. टब रिकामा!

"मासा? मासा कुठाय?" मी ओरडलो.

आगाथे गोठ्यातून बादली घेऊन आली. सत्तरीची, दणकट. "काय वरडता पाव्हणं? मासं व्हय? हायेत की समद्या टबांत! शेवाळ खात्यात. तुमच्या टबातलं पानी काल या समद्या टबांत वाटलं आन् ह्यो धुवायला घेतला."

"त्या पाण्यात आमचा मासा होता!"

"आसंल. म्या काय त्यांची हजेरी घेती व्हय?"

दहा टबांत मिळून निदान तीस मासे. सगळे सोनेरी, सगळे ढेरपोटे! रोस्विताने डोळे पुसले. मग एकदम तिला काहीतरी सुचलं. "चमचा! फ्रिडोलिन चमच्याला ओळखतो!"

गाडीतून थर्मासचा कप आणला आणि मी पहिल्या टबाशी वाकून टिंग टिंग वाजवलं. धाडधाड आवाज झाला. मागे वळून बघतो तर कुरणातल्या झाडून सगळ्या गाई माझ्याकडे धावत येत होत्या!

"आवं, थांबा!" आगाथे ओरडली. "वाजीवलं की त्यास्नी वाटतं पेंड आली!"

पुढचा अर्धा तास मी एका टबातून दुसऱ्या टबाकडे पळत चमचा वाजवत होतो, माझ्यामागे चौदा गाई, गाईंमागे आगाथे आणि सर्वांत मागे पोट धरून हसणारी रोस्विता. एका गाईने माझी टोपी खाल्ली. पण तीन मासे मिळाले! चमचा वाजताक्षणी ते वर आले होते. तिघांतला फ्रिडोलिन कोणता, हे देवाला ठाऊक.

"तिन्ही नेतो," मी म्हणालो. "टबही न्यावा म्हणतो."

"टब आन् कसा? फुटपाथवर आलं त्ये समद्यांचं!" आगाथे कमरेवर हात ठेवून म्हणाली. "मासं न्या. पन आधी गोठा झाडा."

दोन दिवसांत दुसऱ्यांदा मी झाडलं. परतताना तिन्ही मासे रोस्विताच्या मुरांब्याच्या पातेल्यात होते. संध्याकाळी ते सासूबाईंच्या तळ्यात सोडले आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला.

शनिवारी दुपारी मसूर आणि श्पेट्झलेच्या जाड शेवया ताटात पडत होत्या, तेव्हा दार वाजलं. सासूबाई उभ्या होत्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कप आणि चमचा.

"गेरोल्ड, माझ्या तळ्यात तीन मासे आहेत."

"हो आई! म्हटलं, त्याला सोबत…"

"आणि त्यातला एकही माझा नाही."

"असं कसं? चमचा वाजवून बघा, लगेच येतात!"

"तेच तर! एका हाकेत तिघंही आले. माझा फ्रिडोलिन एकोणीस वर्षांत कधी एका हाकेत आला नाही. तीनदा वाजवावं लागतं." त्यांचा आवाज चिरकला. "अगदी तुझ्या सासऱ्यांसारखा होता तो."

रोस्विताने तोंडाला पदर म्हणून ॲप्रन लावला. माझ्या तळघरातल्या एकाही वस्तूने आता काम भागणार नव्हतं आणि मला खरंच, अगदी मनापासून, स्वतःची लाज वाटली. "आई, मी तुमचा मासा…"

"…पहिल्या मजल्यावर ठेवला होता," जिन्यावरून आवाज आला. हेफेलेबाई बादली घेऊन खाली येत होत्या. "अडगळीच्या पत्रकात कलम सात बघा. जिवंत प्राणी फुटपाथवर टाकायला मनाई आहे. टब द्यायच्या आधीच मी याला काढून घेतला."

"मग मला सांगितलं का नाहीत?" मी किंचाळलो.

"दोनदा विचारलं. टबात बाकी काही आहे का? नाही म्हणालात. आणखी काही हरवलंय का? नाही म्हणालात. मग मासा तुमचा कसा?"

सासूबाईंनी बादलीशी वाकून चमचा वाजवला. काही नाही. पुन्हा वाजवला. काही नाही. जिन्यावर चौघंही श्वास रोखून उभे! तिसऱ्यांदा वाजवला आणि तो सोनेरी ढेरपोट्या सावकाश, उपकार केल्यासारखा वर आला.

"आलास मेल्या!" सासूबाई म्हणाल्या आणि तिथेच पायरीवर बसून हसत हसत रडायला लागल्या. रोस्विताही रडली. मीही थोडा रडलो, कारण तेवढ्यात हेफेलेबाईंनी झाडण्याची पाटी काढून, पुसून, पुन्हा आमच्याच कडीला अडकवली होती.

"अहो, माझा आठवडा उद्या संपतो!"

"दोन दिवस माझ्या बाथटबात मासा होता, श्टेंगले. दोन दिवस माझी आंघोळ नाही. दर दिवसाला एक महिना."

तर सध्या मी नवीन काही बनवत नाही, वेळच नसतो. कधी आमच्या गावी आलात तर घरी जरूर या. फक्त खाली पाय नीट पुसून या.