पास्कू डिमेलो यांच्या परत आलेल्या नेवऱ्या

दिवाळीनंतरचा पहिला रविवार: सोसायटीची सभा. जबाबदार, सचिव. नाताळची आदली संध्याकाळ: फलकावर सूचना. जबाबदार, पुन्हा सचिव. नाताळची सकाळ: नेवऱ्यांच्या, म्हणजे नाताळच्या करंज्यांच्या, बशा जशाच्या तशा परत. जबाबदार, नायगावच्या आमच्या इमारतीतील बहुतेक सर्व सुशिक्षित कुटुंबे. शेजाऱ्याची बशी रिकामी परत करू नये, हा आपल्याकडचा रिवाज. तो यांनी असा पाळला.

ज्यांच्या दारात त्या बशा आल्या ते पास्कू डिमेलो माझे शेजारी. मूळचे पाचूबंदरचे, मासेमारीच्या घरातून शिकून रसायनशास्त्रज्ञ झाले. काचेच्या नळीत मिथेन वायू भरून ती कोबाल्टच्या गॅमा किरणांपुढे ठेवायची आणि आत काय मोडले ते पाहायचे, हे त्यांचे आयुष्यभराचे काम. निवृत्तीनंतर नळी सुटली, विषय सुटला नाही. लिफ्टमध्ये सापडलेला मनुष्य कार्बनपासून हायड्रोजन कसा तुटतो हे ऐकल्याशिवाय आपल्या मजल्यावर उतरत नाही. कुणाचा साखरपुडा मोडला तरी ते शांतपणे म्हणणार, “बंध होता, तुटला. आता बाजूला कोन हाय ते बघा.” मला ते वकीलसाहेब म्हणतात. मी वकील नसून न्यायालयातील निवृत्त शिरस्तेदार आहे, हे त्यांना लेखी कळविले आहे. उपयोग शून्य.

सभा पाइप गॅसच्या जोडणीविषयी होती. गॅस सुरक्षित आहे काय, एवढाच प्रश्न. डिमेलो उठले आणि किरणांनी मिथेन कसा फुटतो, त्यातून हायड्रोजन व इथेन कसे तयार होतात, हे सविस्तर सांगू लागले. अर्ध्या सभेला डुलकी लागली. उरलेल्या अर्ध्या सभेने ‘किरण’ एवढाच शब्द घरी नेला. नाताळपर्यंत अफवा पिकली की डिमेलोंच्या अंगातूनच किरणे निघतात. सचिवांनी कोणतीही चौकशी न करता, डिमेलोंच्या घरचे खाद्यपदार्थ घेताना खबरदारी बाळगावी, अशी सूचना लावली.

मी सचिवांविरुद्धच्या तक्रारीचा मसुदा घेऊन डिमेलोंकडे गेलो. किरणांच्या माऱ्याने वायू फुटतो, पण तो स्वतः किरणे सोडू लागत नाही, असे त्यांनी मला समजावले. “बॅटरीचा उजेड तोंडावर मारला म्हनून तोंड रातभर पेटत नाय, वकीलसाहेब.”

टेबलावर बशांची चळत होती. त्यांतून काढलेल्या नेवऱ्या शेजारी परातीत: वाकड्या, कडा उघडलेल्या. पूर्वी त्यांच्या पत्नी ट्रेसाबाई त्या करीत आणि वाटतही त्याच. डिमेलो तेव्हा दाराबाहेर डोकावतही नसत. बाई गेल्यापासून ते स्वतः करतात आणि एकेक दार वाजवतात. या वयात एवढी दगदग कशासाठी, असे मी विचारले.

ते बशी पुसत राहिले. “मिथेन फुटला ना, की उरलेला तुकडा एकटा ऱ्हात नाय. बाजूला जो गावल त्याला धरतो.” पुढची बशी उचलून म्हणाले, “बाजूला कोनीच नसलं तर काय, ते मी कधी तपासलं नाय.”

मसुद्यातील सर्व कलमे मी तेथेच खोडली. आता एकच मागणी उरली आहे. सचिवांनी येत्या सभेत, सर्वांसमक्ष, उभे राहून उत्तर द्यावे: या माणसाची बशी आपण कोणत्या नियमान्वये परत केली? उत्तरापूर्वी त्यांनी एक नेवरी खावी. बशी घेऊन मी पहिल्या रांगेत बसणार आहे. शेजारच्या खुर्चीवर डिमेलो असतील.