ईशान्येचा कोपरा

मागच्या चातुर्मासात मी वांगं सोडलं नाही, घराचा एक कोपरा सोडला. हातावर पाणी घेऊन संकल्पात दिशाही सांगितली: नैर्ऋत्य, जिथे केरसुण्या आणि जुनी सुटकेस असायची. दुसऱ्या दिवशी भजनी मंडळाची दोन माणसं हातगाडी घेऊन आली. त्यांनी कोपरा अलगद काढला, पावती दिली आणि पाणी पिऊन गेली. बाहेरची खोली तीन कोपऱ्यांची झाली. आमचे हे म्हणाले, तेवढंच झाडायला कमी.

आमच्या शहरात बेघरांची घरं अशीच होतात, चार घरांचे चार कोपरे जोडून. पूर्वी चार संस्था आपापले कोपरे गोळा करत आणि सगळ्यांकडे अडगळीचेच, म्हणजे नैर्ऋत्येचेच, जमत. मग त्यांनी एकत्र बसून दिशा वाटून घेतल्या. नैर्ऋत्य भजनी मंडळाकडे, आग्नेय महिला मंडळाकडे, वायव्य रक्तदानवाल्या तरुण मंडळाकडे आणि ईशान्य देवस्थानाकडे.

माझा कोपरा तान्हूबाईंच्या नावाने लागला. त्या उड्डाणपुलाखाली राहत. वय सत्तरीचं, छातीत कायम कफ. श्रावण लागेपर्यंत तिथेच त्यांच्या घराचे तीन कोपरे उभे राहिले. चौथा मिळेना, कारण ईशान्येला सगळ्यांचा देव्हारा. तीन कोपऱ्यांच्या घराला दार बसत नाही, आणि दार बसल्याशिवाय चार संस्थांच्या समितीला ताबा देता येत नाही.

समितीचे बिडवेकाका घरोघर फिरले. लोक चहा देत, जुनी चादर देत, कोपऱ्याचं मात्र बघू म्हणत. आमच्याकडे आले तेव्हा मला नाही म्हणवेना.

"काका, देते. पण देव निजलेत, आत्ता कसे हलवू? उद्यापन झालं की लगेच न्या."

काकांना ते पटलं. त्यांनी तसं लिहून घेतलं.

सोमवारी मी प्रसाद घेऊन जाई. तान्हूबाई आपल्या घराबाहेर बसून माझा कोपरा पदराने पुसत असत. एकदा त्यांनी विचारलं, तुझं देव कधी उठायचं? मी म्हटलं, कार्तिकात.

"उठू दे सावकाश," त्या म्हणाल्या. "निजल्याला उठवू नये, बाई. मला रोज कुणी ना कुणी उठवतं, मला ठावं हाय."

तान्हूबाई आश्विनात गेल्या. ताबा मिळाला नव्हता, म्हणून मृत्यूच्या दाखल्यावर राहण्याचं ठिकाण उड्डाणपूल असंच लागलं.

माझं उद्यापन यथासांग झालं. सवाष्णी जेवल्या, नेम नेटका पाळला म्हणून कौतुक झालं. मी सगळ्यांना वाढलं. दुसऱ्या दिवशी कोपरा काढेपर्यंत मी देव ओटीत घेऊन बसले. आता ते डाळीच्या डब्यांशेजारी आहेत. त्यांची काही तक्रार नाही. त्या घराला दार बसलं, आणि तिथे फुलमाळी नवरा-बायको राहतात. दार लावून घेतल्याचा आवाज मी रस्त्यात उभी राहून ऐकला.

पुलाखाली अजून अकरा घरं तीन कोपऱ्यांची आहेत. त्यांतल्या एकापाशी सावित्राबाई बसलेल्या असतात, आणि परवापासून त्यांनाही खोकला आहे. बायांनो, यंदा तुम्ही ईशान्य सोडा. आणि नेम संपायची वाट पाहू नका. हातगाडीवाले सकाळी नऊच्या सुमारास येतात, तेवढं घरी कुणीतरी असू द्या.