दाजीतात्यांची सिद्धता

दाजीतात्यांचा त्रिकोण तुडवला, तर बैलालाही माफी नसे.

काटेवाडीच्या अलीकडे कालव्याला एक दार आहे. ते उघडून पाळीप्रमाणे शेतांना पाणी सोडायचे, ही तात्यांची नोकरी. उरलेला वेळ ते काठाच्या ओल्या मातीत काठीने भूमिती मांडत. पाणी मागायला आलेल्या शेतकरी गेनबाचा पाय एकदा त्यावर पडला. तात्या म्हणाले, "तुजा पाय मोडला तर हाडवैद्य हाय. ह्यो मोडल्यावर कुनाकडं न्यायचा?"

गेनबाला पाणी हवे असे. "तात्या, आज माजी पाळी हाय."

"सिद्ध करा."

"काल म्हादूची झाली. त्याच्या खाली माजंच वावर हाय."

"ह्यो झाला पक्ष. आता साध्य सांगा."

"ऊस जगवायचा, दुसरं काय?"

मग दार उघडे.

मी पुण्याहून मॅट्रिक होऊन आलो तो एक पत्रक लिहूनच. आमच्या गावची शाळा भूमितीच्या पहिल्या धड्यांवर संपते. मॅट्रिकला पुढची भूमिती लागते, कॉलेजला मॅट्रिक लागते, आणि पुढची भूमिती पुण्यात राहते. ज्याला तिथे खोली परवडेल त्यालाच ती भेटते. 'तालुक्यातील प्रत्येक मुलाला वरचे वर्ग मिळालेच पाहिजेत', अशी माझी मागणी होती. सहीसाठी मी तात्यांकडे गेलो.

त्यांनी पेन्सिलीने 'मुलाला' या शब्दाभोवती गोल काढला. "आन पोरींनी काय केलंय?"

मी शब्द बदलला.

"सही करतो. पर आदी माजं येक काम करा." त्यांनी दाराजवळच्या चौकीतून पत्र्याची पेटी आणली. आत वह्या होत्या. "शाळा संपली तवा चार धडं झालतं. फुडलं पुस्तक जुन्या बाजारातनं आणलं, एकट्यानंच केलं. बरुबर हाय का चूक, इचारायला कुनी न्हाय. वीस वर्सं झाली. तुमी पुण्यात शिकलाव. बगा."

मी भूमितीत पास झालो तो पाठांतरावर. त्यांनी उघडून दिलेल्या वहीतली सिद्धतेची वाट पुस्तकातली नव्हती. ती तात्यांनी स्वतः काढली होती. मी एकेक ओळ वाचली. चूक सापडेना, आणि चूक नाही अशी खात्रीही होईना. पाळीसाठी आलेला गेनबा खोरे मांडीवर घेऊन बसून राहिला.

"बरोबर आहे," मी म्हणालो, आणि 'सिद्ध करा' या त्यांच्या दोन शब्दांची वाट पाहू लागलो.

ते आले नाहीत. तात्यांनी सही केली. वही उपरण्यात गुंडाळून काखेत धरली आणि गेनबाला काहीएक न विचारता दार उघडले.