मध्यभागी एक चौकोन

संगणकाच्या स्क्रीनवर जे दिसतं त्याचं चित्र टिपून ठेवणारं एक छोटंसं अ‍ॅप मी तयार केलं आहे, आणि ते चालतं. या वाक्याचा शेवटचा भाग सिद्ध करायला मला एकोणतीस दिवस लागले, त्याची ही हकीकत.

माझी कंपनी म्हणजे मी. कार्यालय म्हणजे जेवणाच्या टेबलाची खिडकीकडची बाजू. उरलेल्या तीन बाजू कुटुंबाच्या ताब्यात आहेत. प्रोग्रॅमिंग मी चव्वेचाळिसाव्या वर्षी शिकले, वाचनालयातल्या पुस्तकांतून आणि इंटरनेटवरच्या अनोळखी सज्जनांकडून, जे आधी तुम्हाला मूर्ख म्हणतात आणि मग बरोबर उत्तर देतात. एक कळ दाबायची, ‘टिच्’ आवाज येतो, चित्र जमा. अ‍ॅपचा खरा गुण असा, की टिपण्याआधीच्या क्षणी ते स्वतः स्क्रीनवरून बाजूला होतं. एवढ्या बाजूला होण्यासाठी मी तीन महिने घालवले. अ‍ॅप वापरणारे चारशे बारा. संख्या मोठी नाही, पण माझ्या स्वयंपाकाला इतक्या लोकांनी कधी चांगलं म्हटलेलं नाही.

ज्या ऑनलाइन दुकानात हे अ‍ॅप मिळतं, तिथून एके सकाळी पत्र आलं. यंदापासून वार्षिक पडताळणी. उत्पादन कार्यरत असल्याचा पुरावा तीस दिवसांत सादर करावा, अन्यथा उत्पादन कायमचं हटवण्यात येईल. पुरावा म्हणजे, उत्पादन चित्र टिपत असतानाचं चित्र. सदर चित्र सदर उत्पादनानेच टिपलेलं असावं. परक्या साधनाची साक्ष ग्राह्य धरली जाणार नाही.

मी कळ दाबली, चित्र टिपलं, पाठवलं. चौथ्या दिवशी दुकानाच्या तपासनीसांचा फोन आला.

“बाई, चित्रात तुमचं उत्पादन कुठे दिसत नाही.”

“ते बाजूला होतं ना! म्हणून तर मागचं सगळं दिसतं.”

“म्हणजे चित्र टिपताना ते हजर नव्हतं?”

“हजर होतं. फक्त दिसत नव्हतं.”

“हजर असून दिसत नसेल तर आमच्याकडे त्याला गैरहजर म्हणतात.”

“अहो, फोटो काढणारा माणूस फोटोत असतो का कधी?”

“मी असतो,” तपासनीस म्हणाले. “मी आरशासमोर काढतो.”

माझा असमाधानी सूर त्यांनी नोंदवून घेतला आणि त्या नोंदीचा क्रमांकही दिला.

नवरा त्याच्या बाजूला बसून सगळं ऐकत होता. “तू उगाच डोकं पिकवतेस. मी मोबाइलवर फोटो काढतो, दे पाठवून.”

“परकं साधन चालत नाही म्हणालेत.”

“मी काय परका आहे का?”

सव्वीस वर्षांच्या संसारानंतर या प्रश्नाला उत्तर देणं धोक्याचं असतं. फोटो पाठवला. उत्तर आलं की साधन परकं आहेच, शिवाय चित्राच्या डाव्या कोपऱ्यात एक अंगठा आढळला आहे. हा अंगठा उत्पादनाचा भाग आहे काय? नसल्यास अंगठाधारकाचं संमतीपत्र सोबत का जोडलं नाही? नवऱ्याने तातडीने संमतीपत्रावर सही केली. ते परत आलं. अंगठ्याबद्दलची संमती अंगठ्यानेच द्यायची असते.

“आता पुन्हा माझा मोबाइल मागू नकोस,” नवरा शाई पुसत म्हणाला.

दहा दिवस उरले. मग मी मन घट्ट केलं आणि ते तीन महिने पुसून टाकले. आता अ‍ॅप बाजूला होईना. चित्राच्या कोपऱ्यात एका चौकोनात उभं राहून ‘मी चित्र टिपत आहे’ असं सांगू लागलं. आवृत्ती पाठवली. तपासनीस खूश झाले. म्हणाले, “आता कसं, माणसात आल्यासारखं वाटतं. पण संमतीचं काय?”

“कुणाच्या?”

“वापरणाऱ्याच्या. स्वतःची स्क्रीन टिपायला त्याची स्वतःची हरकत नाही, हे तुम्हाला कसं कळलं?”

“त्याने कळ दाबली की हो!”

“कळ माणूस चुकूनही दाबतो. आधी विचारा. आणि विचारलं होतं हे चित्रातच दिसलं पाहिजे. कोपऱ्यात नको, मध्यभागी. वृद्धांना वाचता येईल अशा अक्षरात.”

वृद्धांच्या अक्षरात तो चौकोन अर्ध्या स्क्रीनएवढा झाला. त्यात चौदा ओळींचा मजकूर आणि खाली ‘मान्य’ असं लिहिलेलं बटण. एकोणतिसाव्या दिवशी उत्पादन मंजूर झालं, शेजारी ‘आदर्श’ असा हिरवा शिक्का लागला.

“झालं ना मंजूर?” नवरा म्हणाला. “मग तोंड का पाडलंस?”

मी म्हटलं, “काही नाही, डोळे दुखतायत.”

मंजुरीनंतर तिसऱ्या दिवशी भूगोलाच्या निवृत्त मास्तरांचा फोन आला. ते माझे सर्वांत जुने ग्राहक. नदीच्या पाण्याची पातळी दाखवणारा नकाशा ते रोज सकाळी सातला टिपतात. पाच वर्षांत एक दिवस चुकलेला नाही.

“बाई, माझी नदी दिसत नाही हो.”

“कुठपर्यंत दिसते, मास्तर?”

“उगमापाशी थोडी दिसते. मग एकदम समुद्रच. मधे तुमचा चौकोन.”

मी माफी मागितली. नियमांचं कारण सांगितलं. सांगताना माझा आवाज हुबेहूब तपासनीसांसारखा येत होता, हे माझं मलाच ऐकू आलं, आणि फोन ठेवल्यावर मला माझाच राग आला.

त्या रागात मी चौकोनातल्या चौदा ओळींपैकी अकरावी बदलली. नवी ओळ अशी: ‘मी येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता या अ‍ॅपच्या निर्मातीच्या घरी येऊन भांडी घासून देईन.’ खाली घरचा पत्ता. बदल केला की पुन्हा मंजुरी लागते, म्हणून रीतसर पाठवला. म्हटलं, आता तरी कुणी वाचेल, चिडेल, हा चौकोनच काढून टाका म्हणेल. अकरा मिनिटांत उत्तर आलं: ‘मजकूर तपासला. अक्षरांचा आकार समाधानकारक.’ तपासताना तपासनीसांनी तीनदा ‘मान्य’ दाबलं होतं.

पुढे जे झालं ते मी ठरवलेलं नव्हतं. शिक्क्यामुळे आमचं अ‍ॅप डोळ्यांत भरलं. एका कचेरीने फर्मान काढलं की अर्जाला जोडलेल्या प्रत्येक चित्रात संमतीचा चौकोन हवाच. तिचं बघून दुसरीने काढलं, मग शाळांनी, मग दवाखान्यांनी. लोक पावत्या टिपू लागले, निकाल टिपू लागले, तपासणीचे अहवाल टिपू लागले. समोरचा कारकून मध्यभागी चौकोन आहे का एवढंच बघायचा आणि चित्र दाखल करून घ्यायचा. चौकोनाखाली काय होतं, हे एकाही कचेरीने विचारलं नाही. महिन्याभरात चारशे बाराचे चाळीस हजार झाले. सगळ्यांनी ‘मान्य’ दाबलं. सरासरी वेळ, एक सेकंद.

वाचलं एकट्या मास्तरांनी. त्यांचा पुन्हा फोन आला.

“बाई, मी अकरावी ओळ वाचली. येतो मी रविवारी. पण गुडघ्यांमुळे उभं राहून जमत नाही. स्टूल मिळेल का?”

मला हसू आलं. “अहो मास्तर, तुम्ही कशाला… तुम्ही तर वाचलंत!”

“वाचलं आणि मान्य दाबलं. आता नाही कसं म्हणणार?”

मास्तर आले. नवऱ्याने त्यांना स्टूल दिलं आणि स्वतः फडकं घेऊन शेजारी उभा राहिला. सात कप, चार ताटल्या आणि एक चहाचं पातेलं त्यांनी इतकं निगुतीने घासलं, की पातेल्याचा मूळ रंग मला नव्याने कळला. जाताना मी त्यांच्या पेन ड्राइव्हवर जुनी आवृत्ती घालून दिली, ती बाजूला होणारी. हे बेकायदेशीर आहे. तपासनीसांनी ही हकीकत वाचली तर मी अडचणीत येईन, पण त्यांच्या वाचण्याबद्दल मला आता फारशी काळजी वाटत नाही.

प्रश्न बाकीच्यांचा आहे. यादी माझ्याकडे आहे, नाव, तारीख, वेळ सगळं. इथवर वाचून तुम्ही मास्तरांचं कौतुक करत असाल, तर करा. पण मागे एका अर्जाला जोडायला तुम्हीही एक चित्र टिपलंत, मध्यभागी चौकोन आला आणि घाई होती. तेव्हा रविवारी, नऊ वाजता. पत्ता तुम्हाला दिलेला आहे. कढई मी आदल्या दिवशीच भिजत घालते.