फक्त लहान देशांसाठी

प्रधानकाकांकडे खोली बघायला कुणी आलं की ते त्याचं नाव विचारत नाहीत, जात विचारत नाहीत, अंडी खातोस का हेही विचारत नाहीत. हा शेवटचा प्रश्न न विचारणारा घरमालक आमच्या बडोद्यात शोधून सापडायचा नाही. काका चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, "तुमच्या देशाच्या दोन्ही बाजूंना कोण कोण आहे?"

उत्तर बरोबर आलं की किल्ली मिळते.

सयाजीगंजात, स्टेशन आणि विद्यापीठ यांच्यामधल्या गल्लीत काकांचं लहानसं घर आहे. खाली काका, वर भाड्याच्या दोन खोल्या, पुढे अंगण. फाटकावर पाटी आहे : 'खोल्या भाड्याने देणे. फक्त लहान देशांसाठी.' खाली हेच गुजरातीत आणि इंग्रजीत. मी समोरच राहते, त्यामुळे पाटी वाचून गोंधळलेली माणसं आधी माझीच बेल वाजवतात. एकदा एक मुलगा म्हणाला, "आंटी, हुं सुरतनो छुं, चालशे?" मी त्याला काकांकडे पाठवला. काकांनी त्याला पाणी दिलं, बसवलं आणि सांगितलं, "सुरत मोटुं छे भाई, पण देश नथी."

चित्रकला शिकायला आलेला एक अमेरिकन मुलगाही असाच परत गेला. बिचारा नम्र होता, चपला बाहेर काढून आत आला होता. काकांनी त्याला लीलो चेवडो, म्हणजे बडोद्याचा ओला चिवडा, खाऊ घातला आणि खोली नाकारली.

"काका, मुलगा चांगला वाटत होता हो," मी म्हटलं.

"मुलगा चांगलाच आहे. पण मोठ्या देशांना आपण जागा द्यायची नसते, सुनंदा. त्यांना हवी तिथे ते घेतात."

काका रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झाले. काकू सात वर्षांपूर्वी गेल्या. मूलबाळ नाही. आडनावातच मंत्रिपद आहे आणि ते काकांनी फारच मनावर घेतलंय. सकाळी चार वर्तमानपत्रं वाचायची, दोन महासत्तांमध्ये सापडलेल्या देशांच्या बातम्या कापायच्या, वहीत चिकटवायच्या आणि त्या त्या देशाच्या परराष्ट्रमंत्र्याला पत्र लिहायचं. 'आपण बंदर देऊ नये.' 'विमानतळ एकाकडून बांधून घेतलात तर धावपट्टी दुसऱ्याकडून घ्यावी.' उत्तर कधी येत नाही. एकदा मात्र एका बेटांच्या देशाकडून पर्यटनाचं चकचकीत पुस्तक आलं. काकांनी ते गल्लीभर दाखवलं. "उघड लिहिता येत नाही त्यांना. पण सूचनेवर विचार चालू आहे, असं सुचवलंय."

भाडेकरूंना ते नावानं हाक मारत नाहीत. सध्या वर नेपाळचा किरण आणि श्रीलंकेचा निरोशन राहतात. रोज सकाळी माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येतं, "नेपाळ, टाकी भरली, मोटर बंद कर!" नाहीतर, "श्रीलंका अजून उठली नाही का?" माझ्याकडे पहिल्यांदा आलेल्या पाहुण्यांना वाटतं, समोर बातम्या लागल्यात. एकदा काका माझ्याकडे तक्रार घेऊन आले, "श्रीलंकेनं माझी बादली नेली ती परत केली नाही. आणि नेपाळ म्हणतो, मी मध्ये पडणार नाही."

सकाळच्या चहाला दोघांनी खाली यायचं, असा नियम. तिथे त्यांना आपापल्या सरकारचा जाब द्यावा लागे.

"ही सही का केलीत?" काका पेपर नाचवत विचारत.

"अंकल, आय ॲम डुइंग फार्मसी," निरोशन म्हणे.

"म्हणून जबाबदारी टळते का?"

हे वेड कुठून आलं ते कळायला काकांच्या घराच्या दोन्ही बाजूंना बघावं लागतं. डावीकडे जशुभाईंचं सहा मजली हॉटेल. उजवीकडे महेंद्रभाईंचे क्लासेस आणि होस्टेल, तेही सहा मजली, सातवा चढतोय. दोघे पूर्वी भागीदार होते, आता एकमेकांचं तोंड बघत नाहीत. आणि दोघांनाही काकांचं अंगण हवंय, गाड्या लावायला. स्वतःला हवंय त्यापेक्षा, दुसऱ्याला मिळता कामा नये म्हणून जास्त.

जशुभाईंनी एका पावसाळ्याआधी काकांची पडकी कंपाउंड भिंत आपण होऊन बांधून दिली. आठ दिवसांत महेंद्रभाईंनी आपल्या बोअरमधून काकांच्या टाकीपर्यंत पाइप आणला. जशुभाईंनी भिंतीला रंग दिला. महेंद्रभाईंनी फाटक बदललं. काकांनी सगळं घेतलं, दोघांना सारख्याच लांबीची आभाराची पत्रं लिहिली आणि अंगणातली वीतभर जागा कुणाला दिली नाही.

"दिलेलं घ्यावं," ते मला समजावून सांगत, "पण मागू मात्र कधी नये. दिलेलं घेतलं तर ती मैत्री असते. मागून घेतलं की आपण मिंधे."

दोघांपासून सारखं अंतर ठेवायचं हे त्यांचं व्रत. दिवाळीत दोन्हीकडे चकल्या जात, त्याही तराजूत तोलून. एकीकडे दहा मिनिटं बसले तर दुसरीकडे दहाच. एकदा जशुभाईंच्या मुलीचं लग्न आणि महेंद्रभाईंच्या वारलेल्या आईचं बेसणं, म्हणजे सांत्वनाची बैठक, एकाच दिवशी आलं. काकांनी दोन्हीकडे चालतील म्हणून पांढरे कपडे घातले आणि वीस-वीस मिनिटांचा हिशेब करून निघाले. लग्नात त्यांच्या खिशाला कुणीतरी गुलाबाचं फूल लावलं, फेटा बांधला. घड्याळाकडे बघत काका तसेच पळत बेसण्याला गेले आणि म्हातारीच्या फोटोसमोर गुलाबी फेट्यात, हात जोडून, वीस मिनिटं बसले. महेंद्रभाईंना वाटलं, मराठी लोकांत अशी रीत असेल. त्यांनी पाया पडून निरोप दिला.

असं सगळं मजेत चाललं होतं आणि मीही ऑफिसात काकांचे किस्से सांगून टाळ्या मिळवत होते. मग श्रीलंकेचं दिवाळं वाजलं. पेट्रोलला रांगा, गॅसला रांगा, दिवसदिवस वीज नाही. काकांच्या वहीत पानं पुरेनात. मला वाटलं, आता निरोशनची काही खैर नाही, रोज तासभर उलटतपासणी.

पण चहाच्या वेळी समोरून आवाजच येईना. चौथ्या दिवशी मी जाऊन पाहिलं. पेपर घडीसुद्धा न मोडता पडले होते. निरोशन मान खाली घालून बसला होता आणि काका त्याच्या बशीत बिस्किटं ठेवत होते. आधीची तीन तशीच होती.

"याच्या आईचं औषध संपत आलंय," किरणनं मला हळूच सांगितलं. "हार्ट का है, आंटी. उधर मिल नहीं रहा।"

निरोशन फार्मसी शिकणारा. औषध बंद झालं तर कितव्या दिवशी काय होईल, हे त्याला पाठ होतं. तेच बिचाऱ्याला सोसत नव्हतं.

काका दुपारभर फोनला बसले. दिल्लीतल्या वकिलातीचा नंबर लागेना. लागला तेव्हा रेकॉर्डवरच्या बाईंनी हा आकडा दाबा, तो दाबा सांगितलं. ज्या माणसानं तीस परराष्ट्रमंत्र्यांना सल्ले दिले होते, तो रिसीव्हर हातात धरून 'एक दाबा, दोन दाबा' करत होता. इथल्या डॉक्टरांनी कागद बघून चिठ्ठी लिहून दिली, पण तीन महिन्यांचं औषध एकदम द्यायला कुठलाच दुकानदार तयार नव्हता. आणि मिळालं तरी पाठवणार कसं?

महेंद्रभाईंचे थोरले भाऊ औषधांचे घाऊक व्यापारी. आणि जशुभाईंचा मेहुणा हॉटेलच्या कामासाठी त्याच आठवड्यात कोलंबोला निघाला होता. हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, काकांनाही. औषध उजवीकडे होतं आणि विमान डावीकडे.

काका संध्याकाळी जशुभाईंकडे गेले. पुढचं मला खुद्द जशुभाईंनी सांगितलं. काका आले, बसले नाहीत, म्हणाले, "जशुभाई, मला एक काम मागायचंय." जशुभाईंना आधी खरं वाटेना. मग त्यांनी, धंदेवाईक माणूस तो, डोकं खाजवत म्हटलं, "थई जशे, काका. बाकी पेलुं अंगणानुं जरा विचारजो ने."

"डावी बाजू तुमची," काका म्हणाले. "पाकीट कधी आणून देऊ?"

जशुभाई मला म्हणाले, "बेन, मी तर महिनाभर घासाघीस करायची तयारी ठेवलेली. काकांनी चहा यायच्या आधी देऊन टाकलं. मजाच न आली."

तिथून काका उजवीकडे गेले. अर्थात महेंद्रभाईंच्या कानावर तोवर डाव्या बाजूची बातमी पोचली होती. त्यांनी उजवी बाजू मागितली. तीही मिळाली. काकांना फाटकातून घरात जायला मध्ये हातभर पट्टी उरली.

खरी अडचण पुढे आली. औषधाचं पाकीट महेंद्रभाईंकडून जशुभाईंकडे जायचं होतं आणि दोघेही एकमेकांना काही देणारघेणार नव्हते. काकांनी पाकीट आपण नेऊन देतो म्हटलं, तर महेंद्रभाई म्हणाले, औषध भारी आहे, पोचल्याची खातरी मला माझ्या डोळ्यांनी हवी. जशुभाई म्हणाले, त्याच्या दारात मी पाय ठेवणार नाही. शेवटी काकांच्या ओट्यावर टेबल मांडलं. महेंद्रभाई उजवीकडून आले, पाकीट टेबलावर ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. जशुभाई डावीकडून आले, आकाशाकडे बघत म्हणाले, "काका, ह्यांना विचारा, हे थंडीत ठेवायचं का?"

"महेंद्रभाई, थंडीत ठेवायचं का?" काकांनी विचारलं.

"त्यांना सांगा, नुसतं उन्हात ठेवू नका," महेंद्रभाई भिंतीला म्हणाले.

"जशुभाई, उन्हात ठेवू नका."

दोघे एकमेकांपासून दोन हातांच्या अंतरावर उभे होते. किरण चहाचा ट्रे घेऊन मधोमध थांबला होता, आधी कुणाला द्यावा या काळजीत. शेवटी त्यानं पहिला कप मला दिला.

पाकीट गेलं. दुसऱ्या दिवशी अंगणात डावीकडे हॉटेलच्या गाड्या लागल्या, उजवीकडे क्लासच्या मुलांच्या स्कूटी. दोन्हीकडचे वॉचमन दिवसभर एकमेकांवर शिट्ट्या फुंकू लागले. काका त्या हातभर पट्टीतून पिशवी पोटाशी धरून तिरपे चालत. किरणला ते बघवेना. तो म्हणाला, "अंकल, आप ही तो बोलते थे, माँगना नहीं। एक इंच भी देना नहीं।"

"ते देशांसाठी रे," काका म्हणाले. "घरात आजारपण आलं की धोरणबिरण काही नसतं."

नंतरच्या रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे वाटीभर साखर मागायला गेले होते. निरोशनचा फोन वाजला. तो उठून उभा राहिला, भराभर बोलला, हसला, डोळे पुसले आणि फोन काकांसमोर धरला. "अंकल, अम्मा. शी वॉन्ट्स टू टॉक टू यू."

"मला? अरे, मला तुमची भाषा कुठे येते?" म्हणेपर्यंत फोन कानाला लागला होता.

पलीकडून एक बाई घाईघाईनं, मायेनं सिंहलीत बोलत होत्या. काका पाठ ताठ करून बसले. मला वाटलं, आता बंदराचा विषय निघणार. पण काका मराठीत सांगू लागले, "हो, हो. चांगला आहे मुलगा. थोडा वाळलाय, पण परीक्षा होती ना. सकाळी लवकर उठत नाही, तेवढं तुम्ही सांगा. नाही, संगत चांगली आहे. मी लक्ष ठेवतो." मग त्या बोलल्या. मग काका बोलले. एकाचं दुसऱ्याला अक्षर कळत नव्हतं आणि दहा-बारा मिनिटं कुणाचंच अडलं नाही.

शेवटी बाईंनी काहीतरी विचारलं. काकांनी फोन कानाशी घट्ट धरला. त्यांनी पुन्हा विचारलं. काका "हो" म्हणाले आणि फोन निरोशनच्या हातात दिला.

"काय रे, 'बत' म्हणजे काय? आमचा भातच ना?"

"यस अंकल. राइस. शी आस्क्ड, हॅव यू ईटन."

काकांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. पुसून झाल्यावरही पुसत राहिले. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले होते. आत स्वयंपाकाच्या ओट्यावर कुकर सकाळचा तसाच उपडा घातलेला मला दिसत होता.

"सात वर्षं झाली," ते म्हणाले, "हे कुणी विचारलं नव्हतं."

मी समोर राहते. मी त्यांना भूतानच्या सीमेबद्दल विचारलं होतं, मालदीवच्या विमानतळाबद्दल विचारलं होतं, आणि ऐकलेलं ऑफिसात जाऊन सांगितलं होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "मग काय सांगितलंत त्यांना?"

"खोटं सांगितलं," काका म्हणाले. "म्हटलं, जेवलो."